मीनाकारीच्या जुन्या फुलांचे ब्रोच लावताना या चुका टाळा

जुन्या ब्रोचचं फूल मान टाकतं, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. आणि दोष बहुतेक वेळा ब्रोचचा नसतो. टाचणी फुलाच्या मागे मधोमध किंवा खालच्या बाजूला असली, की वरच्या पाकळ्यांचं वजन पुढे झुकतं. विकत घेण्याआधीच ब्रोच उलटा करून टाचणी कुठे आहे ते बघा. वरच्या तिसऱ्या भागात असेल तर उत्तम. आधीच घेतलेला असेल, तर टाचणी कापडातून एकदाच आरपार नेऊ नका. आत, बाहेर, पुन्हा आत असा टाका घातल्यासारखी ओवा आणि कापडाच्या आतून फेल्टचा छोटा तुकडा धरा. कोटाच्या कॉलरवर फूल ताठ राहतं, कारण तिथे कापड दुहेरी असतं. पातळ रेशमावर मात्र जड ब्रोच लावूच नये. पडलेली भोकं पुन्हा बुजत नाहीत. विणलेल्या स्वेटरवर टाचणी धाग्यातून नव्हे, टाक्यांच्या मधल्या फटीतून जाऊ द्या.

दुसरी चूक स्वच्छतेची. भाजलेली मीना म्हणजे काचच: काचेची पूड धातूवर पसरून साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळवलेली. म्हणून गरम पाणी, अल्ट्रासॉनिक मशीन (ध्वनिलहरींनी दागिने धुणारं यंत्र), दागिन्यांचं पॉलिश, सगळं टाळा. पाणी बारीक तड्यांतून आत शिरलं की खालचा धातू गंजतो आणि टवका उडतो. १९६० च्या दशकातल्या मोठ्या, भडक फुलांपैकी बऱ्याच फुलांवर तर भाजलेली मीना नसून नुसता रंग असतो. नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंबही तो उतरवेल. मऊ, कोरडा ब्रश पुरतो. बिजागरीजवळ हिरवा कळंक दिसला तर लाकडी टूथपिकने हलकेच खरवडा.

टवका उडालाच तर त्यावर नेलपॉलिश लावू नका, कळवळून सांगते. माझ्या निळ्या फुलाच्या एका पाकळीवर मी ते केलं होतं. वर्षभरात तो ठिपका पिवळट पडला आणि टवक्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरू लागला.

टाचणी वाकली असेल तर बोटांनी सरळ करायला जाऊ नका, जुना धातू बिजागरीपाशी मोडतो. टाचणीचं टोक अडकवायच्या साध्या सी आकाराच्या आकड्याला कुलूप नसतं, त्यामुळे टाचणीच्या टोकावर रबराचं छोटं बूच लावा. परफ्यूम आधी मारा, ब्रोच नंतर. आणि ठेवताना प्रत्येक फूल वेगळ्या कापडात गुंडाळा.