शटर बंद होतं, तरी छप्पर गेलं

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागलं तेव्हा मी पुण्यात टीव्हीसमोर बसलो होतो आणि पोटात गोळा आला होता. श्रीवर्धन तालुक्यात कारखान्याची एक शेड उभी होती. मालकाची, पण वारा सोसण्याचा हिशेब माझा, स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला. पाचव्या दिवशी शेडवर कसाबसा फोन लागला. "साहेब, शटर आम्ही आदल्या रात्रीच लावून घेतलं होतं हो. तरी छप्पर गेलं."

लॉकडाउनमधला प्रवासाचा पास काढून तिथे पोचेपर्यंत जून संपत आला. वर बघितलं तर पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांवर, स्क्रू जागच्या जागी. काही वॉशरखाली पत्र्याचे रुपयाएवढे तुकडे तसेच अडकलेले. बाकीचा पत्रा ओरबाडून निघालेला. आणि शटर आत, जमिनीवर, मधोमध वाकून पडलेलं.

स्ट्रक्चरलमध्ये नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितोय. वाऱ्याचा मूळ वेग, त्याला लावायचे के-१ ते के-४ हे गुणक, दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग हे कॉलेजात झालेलं असतं, ते पुन्हा उगाळत नाही. मी अडकलो ती जागा एकच, आतला दाब. ती मात्र सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा.

आयएस ८७५ भाग ३, म्हणजे वाऱ्याच्या भाराचा आपला कोड, म्हणतो, भिंतीत उघडी जागा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर आतल्या दाबाचा गुणांक अधिक-उणे ०.२ धरा. ५ ते २० टक्क्यांना ०.५. त्याच्या वर ०.७. माझ्या शेडला समुद्राच्या बाजूने एकच मोठं शटर होतं. ड्रॉइंगमध्ये ते बंद दाखवलेलं, म्हणून मी ०.२ धरला. वादळात कोण शटर उघडं ठेवतो? कोणीच नाही. पण ते शटर वाऱ्याचा दाब घेईल का, हा प्रश्न मला सुचलाच नाही. ते माझ्या हिशेबात नव्हतंच, 'वेंडर आयटम' होतं, म्हणजे पुरवठादाराने आणून बसवायचं. वाऱ्याने ते पोटात फुगलं, पट्ट्या दोन्ही बाजूंच्या गाईडमधून (खाचांतून) निसटल्या आणि बंद शेड एका क्षणात उघडी झाली. वारा आत शिरला, बाहेर पडायला वाट नाही. मग तो छपराला खालून ढकलतो आणि बाहेरचा वारा त्याच छपराला वरून ओढत असतो. दोन्ही एकाच दिशेने, वर.

आकड्यांत बघा. मुंबईचा ४४ मीटर प्रतिसेकंद हाच वेग मी धरला होता, बाकी गुणक १. दाब येतो चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. छपरावर बाहेरून ०.९ ची ओढ धरली तर आतल्या ०.२ सकट १.१, म्हणजे १३० किलो. तेच आत ०.७ झालं की १.६, म्हणजे १८९ किलो. पर्लिन १.४ मीटरवर आणि स्क्रू ३० सेंटीमीटरवर असतील तर एका स्क्रूवर ५५ किलोच्या जागी ७९. कडेला आणि कोपऱ्यात बाहेरची ओढ आणखी जास्त, तिथेही मी स्क्रूंचं अंतर मधल्यासारखंच ठेवलं होतं. आणि पत्रा-पर्लिनचं स्वतःचं वजन? चौरस मीटरला जेमतेम १५ किलो.

हा ०.२ आला कुठून, तर ऑफिसातल्या एक्सेल शीटमधून. सिनिअरने दिलेली, वर्षानुवर्षं चालत आलेली, पिवळ्या खान्यात आकडा तयार. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझं आता सरळ मत आहे: जो सिनिअर शीट देतो पण ती कशी बनवली हे सांगत नाही, त्याच्याकडे पगार मिळतो, शिक्षण नाही. सॉफ्टवेअरचे पंधरा दिवसांचे क्लास तर सोडूनच द्या. एक शेड, छोटी का असेना, पूर्ण हाताने करा. पत्रा, स्क्रू, पर्लिन, क्लीट (पर्लिनला राफ्टरशी जोडणारा तुकडा), राफ्टर (छपराची मुख्य तुळई), पायात रोवलेले अँकर बोल्ट, पाया, सगळीकडे वरची ओढ कशी उतरते ते कागदावर लिहा. पर्लिनचा खालचा फ्लँज (आडवी कड) उचल आली की दाबात जातो, तिथे आधार आहे का बघा. लोड कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे भारांच्या बेरजेत, ०.९ डेड (स्वतःचं वजन) अधिक १.५ विंड (वारा) हे विसरलात तर छपराचं वजन तुम्ही फुकट वाढवून घेताय.

आणखी एक. बातम्यांतल्या ताशी किलोमीटरची कोडाशी थेट तुलना करू नका. हवामान खातं ३ मिनिटांची सरासरी सांगतं, कोड ३ सेकंदांचा झोत. ४४ म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, पण झोताचे; त्याच वाऱ्याची सरासरी याहून कमी भरते. "बातमीत तर त्याहून कमी सांगितला होता, मग कसं उडालं?" असं मालकाने विचारलं तेव्हा मलाही लगेच उत्तर देता आलं नव्हतं.

चक्रीवादळासाठीचा के-४ हा २०१५ च्या आवृत्तीत पूर्व किनारा आणि गुजरातच्या ६० किलोमीटर पट्ट्याला लागतो, कोकणाला नाही. त्यात कारखान्यांना १.१५ आहे. मी आता कोकणातल्या शेडलाही तो लावतो. कोणी सक्ती केलेली नाही. दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो सुमारे ३२ टक्के चढतो, पोलाद वाढतं आणि मालक कुरकुरतो. कुरकुरू दे.

घाबरवायचं नाहीये. हा विषय अवघड नाही, गणित बारावीचं आहे. माझी चूक झाली तेव्हा शेडमध्ये कोणी नव्हतं, एवढं नशीब. महिनाभर झोप नीट लागली नाही, मग लागायला लागली. तुमच्याही चुका होतील, बहुतेक तपासणीत पकडल्या जातील.

त्याच मालकाने दुसऱ्या वर्षी शेड पुन्हा माझ्याकडूनच करून घेतली. का, ते मी विचारलं नाही. यावेळी पट्ट्या गाईडमधून निसटू न देणारं विंड लॉकवालं शटर, कडेला स्क्रू निम्म्या अंतरावर, आणि शटर गेलंच असं समजून ०.७. मागच्या महिन्यात जुन्या ऑफिसातल्या एका ज्युनिअरचा फोन आला, अलिबागकडची शेड आहे म्हणाला. त्याला ती शीट उघडायला लावली. पिवळ्या खान्यात अजून ०.२ च होता.