नव्या फ्लॅटमध्ये वाय-फाय पोहोचत नाही? या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवली, मानपाड्याकडे नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांची एक तक्रार हमखास असते. हॉलमध्ये नेट सुसाट, आणि बेडरूमचं दार लावलं की व्हिडिओ कॉल अडकलाच. मग कंपनीला फोन जातो आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा होतो. पैसे इथेच वाया जातात. आधी राउटरशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करा, मग बेडरूममध्ये. राउटरजवळ पूर्ण स्पीड मिळत असेल तर प्लॅनला दोष देऊ नका.

दोष बहुतेक वेळा भिंतींचा असतो. यातले बरेच टॉवर मिवान पद्धतीचे आहेत. त्यांत ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून स्लॅबबरोबर भिंतीही उभ्या करतात. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये खोल्यांच्या मधे वीट असायची, इथे सळया घातलेलं काँक्रीट. राउटरच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यात जास्त मार खातो. २.४ गिगाहर्ट्झ जरा आत शिरतो, पण वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्यांचे राउटर त्याच बँडवर गर्दी करतात. तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो निवडा.

राउटर मुख्य दारामागच्या पत्र्याच्या डब्यात तर अजिबात ठेवू नका. फायबर तिथे येते म्हणून कंपनीची माणसं राउटर तिथेच बसवून जातात. लांब वायर मागा आणि राउटर पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर लावून घ्या. फक्त फायबर कोपऱ्यात घट्ट दुमडू नका. राउटरवर LOS चा लाल दिवा लागला तर बिघाड लाइनमध्ये आहे, वाय-फायमध्ये नाही.

रिपीटर रेंज नसलेल्या खोलीत लावतात, तेही चूकच. मिळतच नसलेला सिग्नल तो पुढे काय पाठवणार? तो अर्ध्या वाटेवर हवा, आणि तरी स्पीड बऱ्याचदा निम्म्यावर येतो. मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या राउटरांचा संच, घेतलं तरी दुसरा डबा त्याच काँक्रीटमागे असेल तर रडगाणं तेच.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, फर्निचरच्या आधी राउटरपासून खोल्यांपर्यंत लॅन केबल, म्हणजे नेटची वायर, टाकून घ्या, म्हणजे खोलीतला दुसरा डबा तिलाच जोडता येईल. भिंत फोडायची नाही. मिवानच्या भिंती बिल्डिंगचा भार पेलतात. बिल्डरने टीव्ही-टेलिफोन पॉइंटसाठी दिलेले पाइप बहुतेक असतात. इलेक्ट्रिशियन त्यात स्प्रिंग घालून कॅट ६ केबल ओढून देतो. लाइटच्या वायरींच्या पाइपातून मात्र ती नेऊ देऊ नका. केबल अस्सल तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते पण टिकत नाही. सुताराने पॅनेल ठोकायच्या आत टेस्टर लावून आठही तारांचे दिवे स्वतः बघा. एखादी तार सुटली असली तरी नेट बऱ्याचदा चालतं, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही.