शक्ती उचलणारा हिरो खेळताय? या चुका टाळा

पावसाळ्यात बेळगावची मैदानं चिखलात गेली की टिळकवाडीत आमच्या घरी दर शनिवारी ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ या सुपरहिरोंच्या रोल-प्लेइंग खेळाची तिसरी आवृत्ती मांडली जाते. बाकीचे एकेक हिरो खेळतात; गोष्ट आणि व्हिलन चालवणारा गेम मास्टर मी. आमचा खेळ अडतो तो बहुतेक वेळा एकाच पात्रापाशी: समोरच्याची शक्ती अंगात उतरवणाऱ्या हिरोपाशी.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ऐन लढाईत हिशोबाला बसणं. शक्ती उचलायची तर ‘व्हेरिएबल’ नावाचा इफेक्ट, म्हणजे हवी ती शक्ती बनवू देणारी क्षमता, विकत घ्यायची. तिच्या दर रँकला, म्हणजे पायरीला, 7 पॉइंट मोजायचे आणि वापरायला 5 मिळतात. रँक 10 घेतला की हिरो बनवायला मिळालेल्या 150 पॉइंटांपैकी 70 गेले, आणि उचललेली शक्ती 50 पॉइंटांत बसवायची. आमचा एक मित्र हे पुस्तक चाळत करत होता. खानापूरहून येणारी मैत्रीण शेवटी म्हणाली, “किती वेळ बघायलास रे? माझी बस जाईल.” पावसातून एवढ्या लांबून आलेल्या माणसाला ताटकळत ठेवलं, हे मला फार लागलं.

तेव्हापासून व्हिलनची कार्डं मीच आदल्या रात्री लिहितो. कोण येणार हे गेम मास्टरलाच ठाऊक असतं, म्हणून हे काम त्याचंच. एक कार्ड असं: ‘आगवाला. रेंज्ड डॅमेज रँक 10, 20 पॉइंट. फ्लाइट रँक 6, 12 पॉइंट. शिल्लक 18.’ मित्र कार्ड उचलतो आणि लगेच खेळतो.

दुसरी चूक, मर्यादा विसरणं. पॉवर लेव्हल म्हणजे हिरोच्या ताकदीची ठरलेली पातळी. पॉवर लेव्हल 10 च्या हिरोचा हल्ल्याचा बोनस (नेम लागायला फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा) आणि इफेक्टचा रँक मिळून 20 च्या वर जात नाही. व्हिलन कितीही दांडगा असो, त्याची शक्ती उचलली तरी ही मर्यादा हिरोचीच लागू होते. हे पात्र बनवतानाच सांगा, नाहीतर ऐन वेळी वाद होतो.

उचलणं म्हणजे हिरावणं नव्हे. व्हिलनची शक्ती त्याच्याकडेच राहते. ती कमी करायची तर ‘वीकन’ हा दुबळं करणारा इफेक्ट वेगळा विकत घ्या. आणि हिरो स्टन झाला, म्हणजे सुन्न होऊन त्याला काहीच कृती करता येईना, की उचललेली शक्ती गळून पडते, कारण ती टिकवायला दर पाळीला फ्री अ‍ॅक्शन, म्हणजे वेळ न खाणारी छोटी कृती, लागते.

साथीदाराची शक्ती न विचारता उचलू नका. त्याची एकुलती खासियत तुम्ही वापरलीत तर तो करणार काय? आमच्याकडे आता ज्याची शक्ती त्यानंच वर्णन करायचं. गेल्या शनिवारी मैत्रिणीनं आपली वीज मित्राच्या हातून कशी कडाडली ते सांगितलं, आणि बसच्या आधी लढाई संपली.