जुन्या फोर-व्हील जीपचे हब नट आवळताना या चुका टाळा

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जुनी फोर-व्हील जीप अजून रोजच्या कामाची गाडी आहे. पावसाळ्यात ती ओढे ओलांडते, लाल चिखलातून शेतावर जाते, आणि हंगामात निपाणी-संकेश्वरकडे उसाच्या फडापर्यंत पोचते. अशा गाडीचे पुढचे व्हील बेरिंग वरचेवर जात असेल, तर नवे बेरिंग आणण्याआधी ते बसवले कसे होते हे पाहायला हवे. बऱ्याचदा घोटाळा नट आवळण्यातच असतो.

इथे हब नट म्हणजे चाकाचे बाहेरून दिसणारे पाच नट नव्हेत. लॉकिंग हब किंवा ड्राइव्ह फ्लँज काढल्यावर आत स्पिंडलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या स्थिर दांड्यावर, जे दोन मोठे नट दिसतात, ते. आतला नट बेरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, ठरवतो. बाहेरचा चेक नट आतल्याला जागेवर धरतो. दोघांच्या मध्ये लॉक वॉशर असतो.

निदानातली चूक

चाक जॅकवर उचलले, वर-खाली धरून हलवले, खडखड लागली, की लगेच हब उघडला जातो. पण तो प्ले किंगपिनचाही, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या खिळीचाही, असू शकतो. एकाला ब्रेक पेडल दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. प्ले गेला तर तो व्हील बेरिंगचा होता, कारण ब्रेकने ड्रम बॅकप्लेटशी धरला गेला. प्ले तसाच राहिला तर किंगपिन किंवा नकलची (त्या वळणाऱ्या सांध्याची) बेरिंगे बघा. किंगपिनचा प्ले हब नट आवळून काढायला गेलात, तर प्ले राहतोच आणि चांगले बेरिंगही जळते.

छिन्नी-हातोडी

सगळ्यात जास्त नुकसान या सवयीने होते. मोठा बॉक्स पाना जवळ नसतो, म्हणून नटाच्या कडेवर छिन्नी ठेवून ठोकले जाते. कडा गोल होतात, लोखंडाचे बारीक कण थेट बाहेरच्या बेरिंगच्या ग्रीसमध्ये पडतात, आणि नट किती आवळला याचा अंदाजही येत नाही. जुन्या विलिस घराण्यातल्या जीपच्या षटकोनी नटाला २-१/१६ इंचाचा पाना लागतो. दुसऱ्या गाडीच्या नटाचे माप व्हर्नियरने घ्या. काही गाड्यांत षटकोनी नटाऐवजी खाचांचा नट असतो, त्याला चार दातांचा पाना लागतो. बाजारात मिळाला नाही तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमधून जाड पाइपवर दात काढून घेता येतो. एकदाचा खर्च आहे आणि तो पाना गाडीपेक्षाही जास्त टिकतो.

आवळण्याची पद्धत

हॅण्डब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड किंवा ओंडके लावा, पुढचा एक्सल उचलून खाली घोडी (पक्का स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. त्यानंतर ब्रेकचे अॅडजस्टर सैल करा. ही पायरी हमखास गाळली जाते. लायनर ड्रमला घासत असेल तर चाक जड फिरते. मग बेरिंग घट्ट झाले असे वाटून नट गरजेपेक्षा जास्त सैल ठेवला जातो.

टेपर (निमुळत्या) रोलर बेरिंगचे रोलर आपल्या जागेवर टेकले पाहिजेत. म्हणून एका हाताने हब सतत दोन्ही बाजूंना फिरवत आतला नट आवळा. हब स्थिर ठेवून आवळले तर रोलर तिरके अडकतात, मधे ग्रीस साठून राहते, आणि टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आकडा दाखवत असला तरी बेरिंग बसलेले नसते. गाडी पाच-पन्नास किलोमीटर चालली की रोलर सरकतात आणि प्ले उघडा पडतो.

विलिस घराण्यातल्या जीपसाठी सुरुवातीची आवळणी साधारण ५० पाउंड-फूट, म्हणजे ६८ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून, दांड्याशी काटकोनात सुमारे १४ किलो ओढ द्या. नटाच्या मध्यापासून अर्धा मीटर मोजायचे, हे लक्षात ठेवा. मग नट एकषष्ठांश ते पाव फेरा मागे घ्या, लॉक वॉशर बसवा आणि चेक नटही साधारण ५० पाउंड-फूटला आवळा.

जिप्सी, लँडक्रूझर किंवा दुसऱ्या गाडीला हेच आकडे लावू नका. काही गाड्यांत नट पूर्ण सैल करून पुन्हा हलकासा आवळायचा असतो आणि हब फिरवायला किती जोर लागतो हे वजनकाट्याने मोजायचे असते. त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा आणि क्रम पाळा.

प्ले शेवटी मोजायचा

या कामात मोलाची गोष्ट हीच. आतला नट बरोबर बसवला म्हणजे काम झाले असे नाही. चेक नट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांतल्या मोकळ्या जागेइतका आत ढकलतो, आणि ठेवलेला प्ले त्यात कमी होतो. इंचाला १६ आटे असलेल्या स्पिंडलवर पूर्ण फेरा म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, आणि एकषष्ठांश फेरा म्हणजे ०.२६ मिलिमीटर. हवा असलेला प्ले मात्र ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर एवढाच असतो. मधला फरक बेरिंगवरचा ताण सुटण्यात आणि चेक नटाच्या दाबात जातो. तो प्रत्येक हबला वेगळा असतो, म्हणून एकषष्ठांश फेरा ही फक्त सुरुवात समजा.

चेक नट आवळल्यावर डायल गेज हबवर लावा, काटा स्पिंडलच्या टोकाला टेकवा आणि हब सरळ आत-बाहेर ओढा. गेज नसेल तर अंदाजासाठी वहीच्या एका कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, हे ध्यानात ठेवा. प्ले बरोबर असेल तर तो चाक धरून हलवल्यावर जेमतेम जाणवेल, खट्ट असा आवाज येणार नाही, आणि हाताने फिरवल्यावर चाक कुठेही न अडखळता फिरेल. आकडा बसला नाही तर चेक नट सोडून आतला नट थोडा हलवा आणि सगळे पुन्हा करा. दोन-तीनदा करावे लागते, त्यात कमीपणा नाही.

वॉशरची हेळसांड

स्पिंडलला लांबट खाच असते आणि वॉशरची जीभ त्या खाचेत बसते. बेरिंगचा आतला कोन (रोलर ज्यावर असतात ती आतली कडी) स्पिंडलवर पक्का बसलेला नसतो, तो हळूहळू सरकत फिरतो. वॉशरची जीभ तुटली असेल तर हे फिरणे नटाला लागते. दोन्ही बाजूंचे आटे उजवे असतील तर उजव्या चाकाचा नट आपोआप घट्ट होत जातो आणि बेरिंग जळते. डाव्या चाकाचा सैल होत जातो आणि चाक डगमगते.

दुमडायच्या पत्र्याचा लॉक वॉशर दुसऱ्यांदा वापरू नका. एकदा वाकवलेली पाकळी सरळ करून पुन्हा वाकवली की मुळाशी चीर जाते. एक पाकळी आतल्या नटावर आणि दुसरी चेक नटावर दुमडा. भोकांच्या वॉशरचा प्रकार असेल तर आतल्या नटाची पिन बाहेरच्या बाजूला यायला हवी. ती भोकात बसत नसेल तर आधी वॉशर उलटा करून बघा, भोके वेगळ्या जागी येतात. तरीही जमले नाही तरच नट किंचित हलवा.

ग्रीस आणि पाणी

चेसिसचे स्वस्त कॅल्शियम ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच वितळते. हबमध्ये लिथियमचे, दोन नंबरचे व्हील बेरिंग ग्रीसच हवे. दोन जातींची ग्रीस मिसळू नका, जुने केरोसीनने पूर्ण धुऊन बेरिंग वाळवा. बेरिंग वाऱ्याच्या झोताने गरगर फिरवू नका. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या रुंद बाजूने दाबत राहा, अरुंद बाजूने बाहेर येईपर्यंत.

तापलेला हब ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी ओढले जाते. ग्रीस दुधाळ दिसले तर नट कितीही बरोबर आवळला तरी उपयोग नाही. सील बदला, बेरिंग तपासा. कपावर (हबमध्ये बसणाऱ्या बेरिंगच्या बाहेरच्या कडीवर) खड्डे किंवा निळसर झाक असेल तर कप आणि कोन जोडीनेच बदला. नवा कप पितळी दांड्याने आलटून-पालटून ठोकत बसवा. तळाला टेकल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो. तळाला न टेकलेला कप पुढे सरकतो आणि सगळी मापे चुकवतो.

मागच्या हबची गल्लत

मागचा एक्सल टेपर शाफ्टचा असेल तर पुढच्या हबचा नियम तिथे चालत नाही. तिथला नट हबला शाफ्टच्या निमुळत्या भागावर घट्ट ओढून धरतो, तो भरपूर आवळायचा असतो आणि कॉटर पिनसाठी मागे घ्यायचा नाही, पुढेच न्यायचा. प्ले शिम (पातळ चकत्या) घालून ठरतो. नट सैल राहिला तर हब आणि शाफ्टमधली चावी (लोखंडी पाचर) कापली जाते आणि शाफ्ट खराब होतो.

चाचणी

ब्रेक पुन्हा अॅडजस्ट करा आणि सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर, ब्रेक कमीत कमी लावून चालवा. थांबल्यावर दोन्ही हबना हात लावा. कोमट असतील तर ठीक. एकच हब हात न ठरण्याइतका तापला असेल तर तिथेच थांबा आणि आधी ब्रेक घासतो का ते पाहा. चोर्ला घाट उतरून आल्यावर ही तपासणी करू नका, ब्रेकच्या उष्णतेने दोन्ही हब तापलेलेच असतात. १०० किलोमीटरनंतर प्ले पुन्हा बघा, आणि नवे कप बसवले असतील तर ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा.