नियंत्रण केबलमधील नॉइज: अर्थिंगच्या खड्ड्याआधी पॅनेल उघडून पाहा

कंप्रेसर सुरू झाला की पडद्यावरचे तापमानाचे आकडे गोठतात किंवा भलतेच दिसू लागतात, अशी तक्रार सांगली-तासगाव पट्ट्यातील बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून आली की पहिला सल्ला ठरलेला असतो: आणखी एक खड्डा घ्या, कोळसा-मीठ घाला आणि पीएलसीला (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाला) वेगळे अर्थिंग द्या. हा सल्ला बहुतेक वेळा निरुपयोगी आणि काही वेळा धोकादायक ठरतो. व्हीएफडीमधून, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधून, निघालेला नॉइज (नको असलेले विद्युत तरंग) जमिनीत मुरत नाही. तो ज्या ड्राइव्हमधून निघाला तिथेच परत जाण्याची वाट शोधतो, आणि धातूची रुंद, जवळची वाट मिळाली नाही की सिग्नल केबलच्या शील्डमधून (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणातून) शिरतो.

वेगळ्या खड्ड्यातला धोका साधा हिशेब केला की कळतो. समजा, पीएलसीच्या पॅनेलला स्वतंत्र खड्डा दिला, तो मुख्य अर्थिंगला जोडला नाही आणि त्याचा रोध 5 ओहम आहे. आत 230 व्होल्टची फेज पत्र्याला लागली, तर जास्तीत जास्त 46 अँपिअर प्रवाह वाहील. 63 अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) तेवढ्यावर पडणारच नाही आणि पॅनेलचा पत्रा जिवंत राहील. म्हणून खड्डे कितीही असोत, ते सगळे एकमेकांना जोडलेले असावेत. आयएस 3043 या भारतीय मानकाची दिशाही हीच आहे. कृष्णाकाठच्या ओल्या काळ्या जमिनीत खड्ड्याचा रोध सहज कमी मिळतो आणि जत-आटपाडीच्या मुरमाड जमिनीत त्यासाठी घाम गाळावा लागतो, हे खरे. पण तो आकडा मुख्यतः सुरक्षिततेसाठी महत्त्वाचा असतो, नॉइजसाठी नव्हे.

खरे काम पॅनेलच्या आत असते. वीजपुरवठा बंद करून आधी माउंटिंग प्लेट पाहावी. ड्राइव्ह आणि पीएलसी पावडर कोटिंगवर नुसते बोल्टने आवळलेले असतील, तर मल्टिमीटर कदाचित जोड चांगला दाखवेल, पण वरच्या फ्रीक्वेन्सीला तो जोड केवळ बोल्टच्या आट्यांवर तगलेला असतो. बोल्टच्या जागी रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालावा आणि दार व प्लेट यांच्यामध्ये हिरव्या गोल वायरऐवजी तांब्याची रुंद, विणलेली पट्टी लावावी.

शील्डच्या टोकाला हीच काळजी लागते. शील्ड पिळून, दहा सेंटीमीटरची शेपटी करून अर्थ टर्मिनलला नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्या शेपटीचे इंडक्टन्स (वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) सुमारे 100 नॅनोहेन्री भरते आणि 10 मेगाहर्ट्झला तिचा अडथळा सहा ओहमच्या वर जातो. म्हणजे जिथे वाट मोकळी हवी तिथेच आपण बांध घालतो. त्याऐवजी केबलचे बाहेरचे आवरण थोडे सोलून शील्ड पूर्ण गोलाईने धातूच्या क्लॅम्पखाली दाबावी. ड्राइव्ह ते मोटर या केबलचे आर्मर किंवा शील्ड मात्र दोन्ही टोकांना धातूच्या ग्लँडने बांधावेच लागते, कारण नॉइजची परतीची वाट तीच आहे.

सिग्नल केबलची शील्ड एका टोकाला जोडावी की दोन्ही, यावर हमखास वाद होतो. 4-20 मिलिअँपिअर प्रवाहाने मोजमाप पाठवणाऱ्या सेन्सरसाठी पॅनेलकडचे एकच टोक पुरेसे असते. वेगवान नेटवर्कला दोन्ही टोके जोडलेली चांगली, पण दोन्हीकडचे धातू जाड वाहकाने आधीच एकमेकांना बांधलेले असतील तरच. तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये दोन इमारतींमधल्या शील्डवर मी क्लॅम्प मीटर लावला, तेव्हा चक्क 0.8 अँपिअर प्रवाह दिसला. दुसऱ्या इमारतीच्या वितरण पेटीत कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडले होते, त्यामुळे न्यूट्रलच्या प्रवाहाचा काही भाग शील्डमधून परतत होता. परवानाधारक वायरमनकडून तो जोड काढून घेतल्यावर आकडे स्थिरावले.

आरएस-485 मध्ये (उपकरणांमधल्या संदेशांच्या तारजोडणीत) दोन तारांवर काम भागते हा समज सोडून द्यावा. त्याचे रिसीव्हर उणे 7 ते अधिक 12 व्होल्टपर्यंतचाच, दोन्ही तारांवर एकदम येणारा सामाईक दाब सोसतात, म्हणून तिसरी संदर्भ तारही सोबत न्यावी. 120 ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना असावेत. वीज बंद असताना ए आणि बी या दोन तारांमध्ये साधारण 60 ओहम दिसले पाहिजेत, 40 दिसले तर मध्ये कुठेतरी तिसरा बसवलेला आहे. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबर टाकणे सर्वात उत्तम, कारण वळवाच्या विजांचा प्रश्नही त्याने बराचसा मिटतो. मोटर केबल आणि सिग्नल केबल यांच्यात किमान 300 मिलिमीटर अंतर ठेवावे. एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे.

शेवटी सर्व ड्राइव्ह पूर्ण भारावर चालवून शील्डवरचा प्रवाह आणि पीएलसीतील संदेशांच्या चुकांची संख्या तासभर पाहावी, आणि दोन्ही आकडे तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत. पुढच्या हंगामात तक्रार आली की तपासणी तिथूनच सुरू करता येते.