सोलर बसवलं, सॉफ्टवेअर घेतलं, तरी बिल तेवढंच? या चुका टाळा

बेळगाव परिसरात उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांच्या शेडांवर आता निळी पॅनेलं दिसतात. ऑफिसात मोठ्या गिऱ्हाइकाच्या आग्रहाने घेतलेलं ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअरही असतं. तरी मालकांची तक्रार ठरलेली: "पैसे घातले, पण फरक काय दिसेना." बहुतेक वेळा घेतलेली वस्तू चांगलीच असते, घोळ क्रमात असतो. लाईट बिलातला एकूण रकमेचा आकडा सोडून बाकीचं न वाचताच खरेदी उरकलेली असते. पुढच्या चुका फौंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिक्सच्या लहान युनिटांना धरून सांगतो. लूमवाल्यांनाही यातल्या बऱ्याच लागू पडतील.

महाराष्ट्राचा नियम बेळगावात लावणे

ही चूक खास आपल्या सीमाभागातली. आपण मराठी व्हिडिओ बघतो, मराठी लेख वाचतो आणि त्यात महावितरणचे दर, मेडा या तिथल्या सरकारी ऊर्जा संस्थेच्या योजना आणि तिकडच्या नेट मीटरिंगच्या (जादा सोलर वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याच्या) अटी असतात. बेळगावात वीज हेस्कॉम या कर्नाटकातल्या वीज कंपनीची, दर आणि नियम केईआरसीचे, म्हणजे कर्नाटकच्या वीज नियामक आयोगाचे. हुक्केरी तालुक्यात तर वीज पुरवणारी सहकारी संस्थाच वेगळी. एक शेड उद्यमबागेत आणि दुसरी शिनोळीत असलेले उद्योजक इथे कमी नाहीत. अंतर थोडं, पण शिनोळी चंदगड तालुक्यात येते, म्हणजे तिथे सगळी नियमावली महाराष्ट्राची. एका शेडचा परताव्याचा हिशोब दुसरीला चिकटवू नका. कोटेशन देणाऱ्याला पहिलाच प्रश्न विचारा: हे गणित कुठल्या कंपनीच्या, कुठल्या टॅरिफवर मांडलंय?

केंद्राच्या योजना दोन्हीकडे सारख्याच, पण त्यातही गैरसमज आहेत. पीएम सूर्यघरचं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान घरांसाठी आहे, कारखान्याच्या शेडला ते मिळत नाही. जेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) या दर्जा आणि पर्यावरणाच्या प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला 80, लघुउद्योगाला 60 आणि मध्यम उद्योगाला 50 टक्के सवलत आहे. ती प्रमाणपत्राच्या शुल्कावर आहे, मशीनच्या किमतीवर नाही.

सोलरनंतर पॉवर फॅक्टरकडे न बघणे

ही तक्रार सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. सोलर सुरू झालं, युनिटं घटली आणि पुढच्याच बिलात पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या एकूण विजेपैकी किती प्रत्यक्ष कामाला येते त्या प्रमाणाचा) दंड उगवला. मालक म्हणतो मीटर बिघडला, सोलरवाला म्हणतो कपॅसिटर गेले. दोघांचंही चुकतंय.

समजा कारखाना 100 किलोवॅट घेतो आणि पॉवर फॅक्टर 0.95 आहे. म्हणजे मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी, पण काम न करणारी रिॲक्टिव्ह पॉवर साधारण 33 केव्हीएआर (तिचं माप). दुपारी सोलर 60 किलोवॅट देतं. पण साधारण सेटिंगमधला इन्व्हर्टर फक्त किलोवॅट देतो, केव्हीएआर देत नाही. मग हेस्कॉमकडून 40 किलोवॅट येतात आणि ते 33 केव्हीएआर जसेच्या तसे तिकडूनच येतात. आता मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर 0.77. कारखान्यात काहीही बिघडलेलं नाही, नुसता भागाकार बदललाय.

उपाय करताना आधी एपीएफसी पॅनेलची (गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या पेटीची) सीटी, म्हणजे करंट मोजणारी कॉइल, कुठे बसवली आहे ते बघा. सोलरची वीज जिथे येऊन मिळते त्याच्या पुढे, लोडच्या बाजूला सीटी असेल, तर पॅनेलला सगळं ठीकच दिसणार. ती मीटरच्या बाजूला घ्यावी लागते. मग वरच्या उदाहरणात आणखी 20 केव्हीएआरचे कपॅसिटर पुरतात, पण ते लहान लहान स्टेपमध्ये हवेत. एकच मोठा कपॅसिटर कायमचा जोडून ठेवला, तर रविवारी शेड बंद असताना रिॲक्टिव्ह पॉवर जास्त होऊन उलटाच प्रश्न उभा राहतो. काही थ्री फेज इन्व्हर्टर स्वतः रिॲक्टिव्ह पॉवर देऊ शकतात, ते सेटिंग आधी विचारून बघा. त्यात कदाचित एक पैसाही जाणार नाही. आणि शेडमध्ये इंडक्शन फर्नेस किंवा बरेच व्हीएफडी (मोटारीचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह) असतील, तर साधे कपॅसिटर हार्मोनिक्समुळे, म्हणजे विजेच्या लहरीतल्या बिघाडामुळे फुगतात. तिथे रिॲक्टर (ही लहर अडवणारी कॉइल) लावलेलेच घ्या.

"करंट गेला तरी सोलर आहे की" असं धरून चालणे

नाही चालत. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की मुद्दाम बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवाचा प्रश्न असतो. जनरेटरबरोबर सोलर चालवता येतं, पण त्याला वेगळा कंट्रोलर लागतो. तो न लावता जोडलं आणि शेडमधला लोड कमी असला, तर वीज उलटी जनरेटरमध्ये घुसते. कंट्रोलरचा खर्च सुरुवातीच्या कोटेशनमध्येच मागा.

उत्पादनाचा आकडाही एप्रिलच्या उन्हावर ठरवू नका. एका किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटं धरतात. आपल्याकडे जूनपासून मळभ बसलं की ती बरीच खाली येतात. पाऊस संपला की फौंड्रीची बारीक वाळू आणि लोखंडाची धूळ पॅनेलवर चढते. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट.

गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर घेणे

सेल्समन व्हीएफडी कॉम्प्रेसरचं गुणगान गातो, तेव्हा शेडमध्ये कुठेतरी फुस्स आवाज चालूच असतो. खरेदीआधी एक चाचणी करा, फुकटात होते. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) राहतो आणि किती वेळ अनलोड (हवा न भरता नुसता फिरत), ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा. दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटं अनलोड आलं, तर 30 टक्के हवा कुणाच्याही कामाला न येता चाललीय. हा आकडा 10 टक्क्यांच्या आत असावा. साबणाचं पाणी, नवे कपलिंग आणि फाटके पाईप बदलणं एवढ्यावरच बरंच काम होतं.

प्रेशरही तपासा. मशीनला 6 बार पुरत असताना सेटिंग 8 वर ठेवायची सवय असते. दर एक बार उतरवला की कॉम्प्रेसरची वीज 6 ते 7 टक्क्यांनी घटते. कपड्यावरची धूळ एअर गनने उडवणं बंद करा, ते धोक्याचंही आहे.

टॅबलेट दिला, पण कुणाला काय भरायचं ते ठरवलं नाही

फौंड्रीत इंडक्शन फर्नेसवर एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिटं जातात. कास्टिंग रिजेक्ट होऊन परत भट्टीत गेलं की तेवढीच पुन्हा. म्हणून रिजेक्शन कमी करणं हे माझ्या मते पॅनेल बसवण्याच्या आधीचं काम आहे, आणि सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथेच.

प्रत्यक्षात काय होतं? स्क्रीनवर रिजेक्शनच्या कारणांची लांबलचक यादी, तीही इंग्रजीत. हातमोजे घातलेला माणूस शिफ्ट संपताना यादीतलं पहिलंच कारण दाबून मोकळा होतो. महिनाअखेरीस रिपोर्ट सांगतो की सगळीकडे ब्लो होलच (वायूमुळे पडलेली भोकंच) ब्लो होल. मग वाळूतला ओलावा शोधण्यात पंधरवडा जातो आणि दोष निघतो कोअरमध्ये, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या तुकड्यात. यादी पाच-सहा कारणांवर आणा, प्रत्येकापुढे खऱ्या कास्टिंगचा फोटो लावा. आपल्या शेडमध्ये खानापूरचा मराठी, बैलहोंगलचा कन्नड आणि बिहारचा हिंदी बोलणारा एकाच शिफ्टला असतो, तिघांनाही फोटो कळतो. वही आणि टॅबलेट दोन्ही चालू ठेवू नका. महिनाभर जोडीने चालवा, मग वही बंद.

कार्बनचा फॉर्म अंदाजे भरणे

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने वरच्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. तेव्हापासून त्यांच्या पुरवठादारांकडेही, म्हणजे आपल्यासारख्यांकडे, कार्बन उत्सर्जनाच्या प्रश्नावल्या येऊ लागल्या. घाबरू नका, ठोकूनही देऊ नका. ग्रिडच्या एका युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, एका लिटर डिझेलला सुमारे 2.7 किलो. बारा बिलं आणि डिझेलच्या पावत्या जवळ असल्या की एका बैठकीत होतं. छतावरची वापरलेली युनिटं ग्रिडच्या आकड्यात मिसळू नका.

लॉगिन दुसऱ्याच्या मोबाईलवर

सोलरच्या ॲपवर आकडे येईनात म्हणून इन्व्हर्टर जळाला असं समजू नका. वायफायचा राऊटर किंवा पासवर्ड बदलल्यावर हमखास असं होतं. आधी इन्व्हर्टरच्या स्वतःच्या स्क्रीनवर युनिटं बघा. तिथे आकडा पळत असेल तर फक्त डाँगल (इन्व्हर्टरचे आकडे वायफायवर पाठवणारं छोटं यंत्र) नव्या वायफायला जोडायचं राहिलंय. पण त्यासाठी लागणारं खातं बसवणाऱ्या मुलाच्या नंबरवर असतं आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. उद्यम नोंदणी, ई-वे बिल, क्लाऊडवरचा डेटा यांचंही तेच, ओटीपी जातो अकाउंटंटच्या फोनवर. कंपनीच्या नावाचं एक सिम आणि एक ईमेल काढा, सगळी खाती तिकडे वळवा. शेवटचं बिल चुकतं करायच्या आधी हे करून घ्या, नंतर कुणी फोन उचलत नाही.