ट्रॅक डेला जाताय? टायरच्या हवेत या चुका टाळा

आपल्या नाशिकमधून ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पाळीपाळीने (त्या पाळीला सेशन म्हणतात) पळवायच्या दिवसाला, जाणारी पोरं वाढलीत, स्विफ्ट, पोलो, आय ट्वेंटी घेऊन थेट चेन्नई-कोइम्बतूर गाठतात, आणि ब्रेक पॅड, इंजिन ऑइल सगळं बदलून जातात पण हवा मात्र निघताना पंपावर "भाऊ, पस्तीस मार" म्हणून भरून घेतात. मीपण पहिल्या वेळेला हेच केलेलं. घरून गार टायरला ३६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरून गेलो, तिसऱ्या सेशनला गाडी वळणात नुसती बाहेर पळायला लागली, स्टीअरिंग कितीपण वळवा, पुढचे टायर साबणावरून चालल्यासारखे. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागेत, येऊन मोजलं तर ४४! तो अख्खा दिवस मी माझ्या ड्रायव्हिंगला दोष देत होतो, आणि दोष हवेचा होता.

सगळ्यात मोठी चूक हीच, गार टायरचा आकडा धरून बसणं. ट्रॅकवर कामाचा आकडा गरम टायरचा. हवा तापली की प्रेशर चढतं, ३२ पीएसआयच्या आसपास दर १० अंशाला साधारण दीड पीएसआय, म्हणजे टायरमधली हवा ४० अंशाने तापली तर ६ पीएसआय वाढले. त्यामुळे पहिल्या सेशनला दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा ठेवूनच उतरायचं, त्याच्या खाली नको, पहिले एक-दोन लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) सांभाळून मारायचे, आणि आत आल्याआल्या, म्हणजे हेल्मेट काढायच्या पण आधी, चारही टायर मोजायचे. साध्या रोड टायरवर, पुढून ओढणाऱ्या हॅचबॅकला मी गरम ३६ पासून सुरुवात करतो आणि तिथून एकेक पीएसआय वरखाली. तुमच्या गाडीला ३४ बसेल नाहीतर ३८, ते टायरच सांगेल. आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, छापलेला मॅक्स प्रेशरचा आकडा बघून तेवढी हवा कुणी भरू नका, ती मर्यादा आहे, शिफारस नाही.

टायर सांगतो कसा? खडू घ्या आणि टायरच्या कडेवर, ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) संपून साइडवॉल सुरू होते तिथे आडव्या रेघा मारा. तिथे बऱ्याच टायरवर एक छोटा त्रिकोण असतो, सेशननंतर खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर ठीक, त्याच्याही खाली साइडवॉलवर पुसला गेला तर हवा कमी आहे, टायर वळणात दुमडतोय. आणि खडू ट्रेडच्या कडेलाही तसाच राहिला तर हवा जास्त. गाडीच्या फीलवरून पण कळतं. स्टीअरिंग वळवलं आणि गाडीने थोडं थांबून उत्तर दिलं तर हवा कमी, पहिले तीन लॅप मस्त आणि मग ग्रिप गायब तर बहुतेक वेळा प्रेशर चढलंय. एका वेळी एकाच टोकाचं बदला, पुढचं नाहीतर मागचं, दोन्ही एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

आता जी चूक मी दरवेळी बघतो ती. सेशननंतर कुणीतरी हवा काढून बरोबर ३६ करतो, मग पाऊण तास चहा-वडापाव, परत मोजतो तर ३३, घाबरून भरतो परत ३६, आणि पुढच्या सेशनला ४० घेऊन बाहेर येतो. अरे टायर गार झाला म्हणून उतरलं ते! तेव्हा हात लावू नका. तो ३३ फक्त वहीत लिहून ठेवा, सोबत वेळ आणि किती ऊन होतं ते पण.

ऊन का लिहायचं, तर आपल्याकडचा हिवाळा. जानेवारीत पहाटे नाशिकला १० अंश असतं, निफाडला तर त्याहून गार, द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात, आणि अशा पहाटे भरलेली हवा चेन्नईच्या ३० अंशात गाडी न हलवता ३ पीएसआयने वर गेलेली असते. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, खाली किनाऱ्यावर उतरलं की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि गेज, म्हणजे हवा मोजायचं मीटर, साधारण १ पीएसआय कमी दाखवतं. म्हणून घरचा आकडा तिथे चालत नाही, ट्रॅकवर सकाळी सावलीत परत सेट करा. सावलीत म्हणजे सावलीतच, एका बाजूला ऊन लागलं की त्या बाजूचे दोन टायर उगाच जास्त दाखवतात.

गेज स्वतःचं घ्या, एकच, आणि तेच वापरा. द्वारका चौकातल्या पंक्चरवाल्याचं गेज आणि ट्रॅकवरच्या मित्राचं गेज यात दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो.

नायट्रोजनबद्दल खूप जण विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच वाढतात, फायदा एवढाच की नायट्रोजन कोरडा असतो. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते हवेबरोबर टायरमध्ये जातं आणि तापल्यावर प्रेशर अंदाजापेक्षा जास्त चढतं, म्हणून घरचा कॉम्प्रेसर असेल तर भरायच्या आधी टाकीचं पाणी काढा.

आणि परतीचं विसरू नका, हे मी हात जोडून सांगतो. दिवसभर हवा काढून काढून संध्याकाळी टायर गार झाला की तो २८ वर पण असू शकतो, आणि तसाच गाडीत चार माणसं, टूलबॉक्स, जादा चाकं टाकून हायवेला शंभरने निघालात तर साइडवॉल आतून तापते आणि टायर फुटतो. गरम टायरवर भरून पण उपयोग नाही, गार झाल्यावर परत उतरेल. मी रात्री मुक्काम करतो, सकाळी गार टायरला स्वतःच्या इन्फ्लेटरने (हवा भरायच्या छोट्या पंपाने) स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा भरतो, मागच्या टायरचा आकडा वेगळा दिला असेल तर तो बघून, आणि मगच सामान गाडीत चढवतो.